फाट्यावरचं सेतू केंद्र : नुकसानभरपाईचा घोळ समजून घ्याचा असन तर इथं जा (४ स्टार)

सातबारा, उत्पन्नाचा दाखला, आधार अपडेट ही कामं कोणत्याबी सेतूत होतात, त्याच्यासाठी रिव्ह्यू कोण लिहिते. मी लिहितो ते अतिवृष्टीनंतर या दुकानात जे पाहिलं त्याच्यासाठी. आमचा भाग वैनगंगेकाठचा, धान आणि थोडंसं सोयाबीन, आणि इकडं पुराच्या पाण्याआधी मोबाईलवर मेसेज चढतात. २०२० च्या ऑगस्टअखेरीस गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले तवाबी तेच, पाणी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं का इथल्या पावसाचं, गावाले किती वाजता लागन, जितके फोन तितक्या गोष्टी. पण तवा निदान घर सोडाचं का नाही एवढाच प्रश्न होता, पाणी उतरल्यावरचा घोळ त्याच्यापेक्षा लय लांबते.

२०२५ च्या खरिपाचंच घ्या ना. ऑक्टोबरमधी सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, टीव्हीवर सांगे कोरडवाहूले हेक्टरी १८,५००, पंचनाम्याले आलेले साहेब सांगत ८,५००, आणि गावच्या ग्रुपवर कोणीतरी १३,६०० वाला जीआर, म्हणजे सरकारी आदेश, फिरवून राहिला होता, तोबी सही-शिक्क्यासकट. पानठेल्यावर तर हिशेबच लागला होता की मधातले ५,१०० कोण खाऊन राहिलं. या सेतूवाल्या ताईनं काय केलं तर कागद प्रिंट करून काउंटरच्या काचेले चिकटवले, आणि १३,६०० वाल्यावर लाल पेनानं आडवी रेघ मारून खाली लिहिलं, ‘जानेवारी २०२४ चा, आता लागू नाही’.

एक काकाजी तरी ऐकेनात, माह्यासमोरची गोष्ट. तिनं कॅल्क्युलेटर त्यांच्याकडं फिरवला आणि म्हणाली, “काकाजी, ८,५०० नुकसानीचे, १०,००० रब्बीच्या बियाण्या-खताचे, झाले ना १८,५००? आणि दोन्ही एकाच दिवशी खात्यात पडतीन असं नाही, म्हणून एक आला की दुसरा खाल्ला असं समजू नका.” म्हणजे टीव्हीवाला खरा, साहेबबी खरे, आणि १३,६०० चा कागदबी एका काळी खराच होता, फक्त मे २०२५ मधी सरकारनं ते वाढीव दर मागं घेतले अन् हे सांगाले गावात कोणी आलं नाही. काकाजी मग गुपचूप फॉर्म भरून गेले.

पीकविम्याचंबी तसंच. ‘७२ तासांच्या आत कंपनीले कळवा’ हा मेसेज अजूनबी दरवर्षी फिरते, पण २०२५ च्या खरिपापासून राज्यानं एक रुपयावाला विमा बंद केला आणि स्थानिक आपत्तीची, म्हणजे एकट्याच्या शेतातल्या नुकसानीची, भरपाईबी काढली, त्या हंगामात सगळं कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतातलं पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर होतं. लोक धावत येत, फोटो दाखवत, ताई सांगे, त्या तक्रारीपायी पैसे घालवू नका. त्या भरपाईसाठी फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख नंबर) असलेल्यांले ई-केवायसीची, म्हणजे आधारवरून ओळख पटवाची, गरज नव्हती, हेबी तिनंच सांगितलं, आणि ई-केवायसीवरच तर तिचा धंदा, तरी लायनीतले लोक वापस पाठवले. इथंच माहे तीन स्टार झाले.

अजून एक शिकवते ती. जीआर आला की आधी शेवटचं पान पाहा म्हणते, तिथं लांबलचक संकेतांक असते, त्याचे सुरवातीचे आकडे म्हणजे वर्ष, महिना, तारीख. हे इतकं सोपं आहे की मले रागच आला, इतके वर्ष आपल्याले कोणी काउन नाही सांगितलं. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम ५४ आहे, खोटा इशारा देऊन घबराट केली तर एक वर्षापर्यंत कैद, ठीक आहे, पण जुना खरा कागद फिरवला तर तो कोणत्या कलमात बसवता? त्याले खोटा म्हणता येत नाही, आणि त्याच्यानंच जास्त माणसं फसतात. आणि सरकारले चूक मान्य करता येत नाही असंबी नाही, करोनात १६ जून २०२० ले राज्यानं आधी न धरलेले १,३२८ मृत्यू एकदम आकड्यात जोडले, बोंब झाली पण मले तवा ते आवडलं होतं. भरपाईच्या कागदाले तेच करा ना बाप्पा, नवीन काढला की जुन्यावर मोठ्या अक्षरात ‘रद्द’ लिहा आणि चावडीवर लावा, एका ताईले लाल पेनानं जमते तर.

आता एक स्टार कापला तो कशाचा. बसाले एक बाकडं, तेबी कललेलं, म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात. सर्व्हर डाऊन असला की ती चिडते आणि समोरच्यावर काढते. आणि दुपारी तिचा भाचा बसते, त्याले फक्त झेरॉक्स सांगा, भरपाईचं काही विचारू नका, तो ग्रुपवर आलेलंच वाचून दाखवते. ताई स्वतः सकाळी असते, दहाच्या आत पोहोचा, फार्मर आयडीचा नंबर आणि बँकेचं पासबुक सोबत ठेवा, बाजाराच्या दिवशी तर जाऊच नका.