रोजच्या आउटपुट तपासणीचं यंत्र: आठ महिने वापरल्यावर

छत्रपती संभाजीनगरला आमच्या रेडिओथेरपी विभागात लिनॅकची (कॅन्सरवर किरणोपचार करणाऱ्या मशीनची) सकाळची आउटपुट तपासणी, म्हणजे मशीन ठरलेला डोस देतंय का हे बघणं, आधी फार्मर चेंबरवर (किरण मोजणारी हवेची छोटी नळी) व्हायची. सॉलिड वॉटरच्या (किरणांना पाण्यासारख्या वाटणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पाट्या रचा, केबल ओढा, तापमान आणि दाब लिहून घ्या, मग गुणाकार. पाऊण तास सहज जायचा आणि बाहेर बाकड्यावर पेशंट ताटकळत बसलेले असायचे. म्हणून नोव्हेंबरात, आत फार्मरसारखीच किरण मोजणारी बरीच छोटी आयन चेंबर्स बसवलेली एक चपटी पेटी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. हा अनुभव या जातीच्या कुठल्याही यंत्राला लागू पडावा.

वेग खरंच वाढला. लेझरला जुळवून टेबलावर ठेवायचं, 100 एमयू (मशीनवरचं डोसचं माप) द्यायचे. आउटपुट, फ्लॅटनेस (झोत सगळीकडे सारखा आहे का), सिमेट्री (दोन्ही बाजू जुळतात का) एकदम पडद्यावर. 6 एमव्हीचा एक्स-रे झोत आणि दोन इलेक्ट्रॉन ऊर्जा धरून बारा मिनिटं लागतात. टेक्नॉलॉजिस्ट ताई एकट्या करतात.

पण ही पेटी सांगते ते एवढंच, की बेसलाइन (तुलनेसाठीचं मूळ मोजमाप) घेतली त्या दिवसाच्या तुलनेत आज किती फरक आहे. बेसलाइनच चुकली तर ती रोज हिरवा दिवा दाखवत चूकच जपत राहील. आमच्याकडे हे होता होता राहिलं. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने फार्मरच्या रीडिंगला दाबाची दुरुस्ती देताना मोबाईलवरच्या हवामान अ‍ॅपमधला 1009 हेक्टोपास्कल भरला आणि म्हणाला, "मशीन 6 टक्के कमी देतंय, वाढवून घेऊ." अ‍ॅपमधला आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो. आपलं शहर साधारण 570 मीटरवर. आमच्या भिंतीवरचा बॅरोमीटर तेव्हा 947 दाखवत होता. उंचीवर दाब कमी, त्यामुळे उघड्या चेंबरमध्ये हवा विरळ, म्हणून चार्ज कमी जमतो; ती तूट खऱ्या दाबानेच भरून काढावी लागते. त्याचं ऐकलं असतं तर तोंडाच्या कॅन्सरच्या ज्या पेशंटला 30 दिवसांत 60 ग्रे (किरणांच्या डोसचं एकक) द्यायचे, त्याला जवळपास 64 गेले असते. हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. बेसलाइन घ्यायची ती पाण्याच्या टाकीत, टीआरएस-398 (डोस मोजण्याची आंतरराष्ट्रीय नियमावली) प्रमाणे, 6 एमव्हीला 10 सेंटीमीटर खोलीवर मोजून झाल्यावरच. बॅरोमीटर स्वतःचा हवा.

दुसरा धडा एप्रिलचा. सकाळी ताईंचा आवाज आला, "सर, आज लाल दाखवायलंय." आउटपुट उणे 2.7 टक्के. टीजी-142 या लिनॅक तपासणीच्या अमेरिकन अहवालातली रोजची मर्यादा 3 टक्के आहे, पण आम्ही 2 वरच थांबतो. पेशंट थांबवले. बाहेर परळीहून आलेले एक काका सारखे विचारत होते, "साहेब, कवा सुरू व्हईल? आमची गाडी हाय." फार्मर लावला तर उणे 0.3. मशीन ठीक होतं. पेटी रात्रभर एसी नसलेल्या स्टोअरमध्ये राहिली होती आणि तिथून थेट 23 अंशांच्या खोलीत आणली होती. कडेचा तापमानाचा सेन्सर लवकर गार झाला, जाड अ‍ॅक्रिलिकच्या आतली हवा तापलेलीच राहिली. एका अंशाच्या चुकीने साधारण 0.34 टक्के फरक पडतो, सात अंशांचा हिशोब तुम्हीच करा. तासाभराने तीच पेटी उणे 0.4 वर आली. तेव्हापासून ती रात्री लिनॅकच्या खोलीतच राहते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हा नियम कडक पाळा.

किरकोळ तक्रार: केबलचा जोड मार्चमध्येच सैल झाला आणि नवी केबल यायला पाच आठवडे गेले. तेवढे दिवस पुन्हा पाट्या रचल्या.

यंत्राचा खरा उपयोग मला आलेखात दिसला. एखाद्या दिवसाचा आकडा सहज नजरेतून सुटतो. आठ महिन्यांची रेघ मात्र हळूहळू वर चढताना स्पष्ट दिसली. जूनअखेर अधिक 1.5 टक्के. टाकीत फार्मरने मोजलं तर 1.3, म्हणजे चढण खरी होती. मग रविवारी आउटपुट जुळवून घेतलं, पुन्हा मोजलं आणि नवी बेसलाइन घेतली.

घ्यावं का? रोज चाळीस-पन्नास पेशंट असतील तर नक्की घ्या. पण भाभा अणुसंशोधन केंद्राशी जोडलेलं कॅलिब्रेशन असलेला तुमचा फार्मर चेंबर कपाटात टाकू नका. आम्ही दर सोमवारी पेटी आणि फार्मर एकापाठोपाठ लावतो आणि दोन्ही आकडे एकाच वहीत शेजारी-शेजारी लिहितो. फरक 1 टक्क्यापुढे गेला, की आधी पेटीचं तापमान बघतो.