काचेच्या पोटात रेषा लिहून देणारी लेसरसेवा: दोन कामांचा अनुभव

फ्यूज्ड सिलिका या शुद्ध काचेच्या एक मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या आराखड्यासह पाठवायच्या आणि पृष्ठभागावर ओरखडाही न उमटता काचेच्या आत हव्या त्या खोलीवर रेषा लिहून घ्यायच्या, अशी ही फेमटोसेकंद (सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) लेसरची सेवा आहे. मी तिच्याकडून दोन कामे करून घेतली. एका पट्टीत प्रकाश वाहून नेणारे वेव्हगाइड हवे होते, तर आणखी दोन पट्ट्यांत द्रवासाठी सूक्ष्म वाहिन्या. पहिले काम बहुतांशी मनासारखे झाले, दुसरे निम्मे फसले, आणि त्याचे कारण मागणीपत्रकात नसलेला एक रकाना हे होते.

ही काच १०३० नॅनोमीटरच्या प्रकाशाला पारदर्शक असते, कारण तिच्यातील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यासाठी सुमारे ९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते आणि या प्रकाशाच्या एका फोटॉनपाशी जेमतेम १.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. मात्र काहीशे फेमटोसेकंदांचा स्पंद, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, भिंगाने मायक्रोमीटरभर जागेत एकवटला, की सात-आठ फोटॉन एकदम शोषले जाऊ लागतात, तेही केवळ केंद्रबिंदूपाशी. त्यावरचा थर कोराच राहतो. इलेक्ट्रॉनांनी घेतलेली ऊर्जा अणूंच्या जाळ्यापर्यंत पोहोचायला काही पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद) लागत असल्याने काच तापू लागते तेव्हा स्पंद केव्हाच संपलेला असतो. ऊर्जा बेताची ठेवली तर त्या जागी काच किंचित दाट होते आणि अपवर्तनांक साधारण हजारांश भागाने वाढतो. प्रकाशाला वाट दाखवायला तेवढे पुरते, हे जपानमधील हिराओ यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवून दिले होते.

माझी पट्टी हातात घेतल्यावर रिकामीच वाटली. खिडकीकडे तिरकी धरली तेव्हा केसांसारख्या रेषा क्षणभर चमकल्या. एका टोकाने लेसर सोडल्यावर दुसऱ्या टोकाला गोल, नेटका ठिपका मिळाला. आडव्या लेखनात रेषेचा छेद सहसा लांबट येतो. तो इथे गोल आला याचे श्रेय भिंगापुढे फट लावण्याच्या त्यांच्या काळजीला द्यायला हवे. तक्रार आहे ती टोकांबद्दल. काचेच्या कडेपाशी किरणशलाकेचा काही भाग कापला जातो, त्यामुळे रेषा कडेपर्यंत नीट उमटत नाही आणि दोन्ही टोके घासून पॉलिश करावी लागतात. हे आधी कळवले असते तर मी पट्टी लांब घेतली असती.

वाहिन्यांसाठी स्पंदाची ऊर्जा वाढवावी लागते. तेव्हा काचेत एकसारखा बदल न होता काहीशे नॅनोमीटर अंतराने पातळ पापुद्र्यांची रांग उभी राहते, ज्यांना नॅनोग्रेटिंग म्हणतात (ऊर्जा आणखी वाढवली तर काचेत थेट पोकळ्याच पडतात). हे पापुद्रे नेहमी लेसरच्या ध्रुवीकरणाला, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दिशेला, काटकोनात असतात. ध्रुवीकरण रेषेला आडवे असेल तर पापुद्रे वाहिनीच्या दिशेने पसरतात आणि काच विरघळवून वाहिनी मोकळी करणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे गरम द्रावण त्यांच्यातून आत शिरत जाते. ध्रुवीकरण रेषेला समांतर असेल तर प्रत्येक पापुद्रा भिंतीसारखा आडवा येतो. माझ्या दोन्ही पट्ट्यांना ऊर्जा, वेग आणि खोली तीच होती, तरीही एका पट्टीतील वाहिनी आरपार मोकळी झाली आणि दुसरीत द्रावण दारातच अडकले. दोन्ही पट्ट्या परस्परांना काटकोनात ठेवलेल्या ध्रुवकांमध्ये (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्यांमध्ये) दिशेतला फरक रंगांतून दाखवणारी रंगपट्टिका लावून पाहिल्या, तेव्हा एकीतील रेषा निळ्या आणि दुसरीतील पिवळट दिसल्या, म्हणजे दोन्हींतील पापुद्र्यांची दिशा वेगळी होती. विचारल्यावर खुलासा झाला की पट्ट्या दोन वेगळ्या दिवशी लिहिल्या होत्या आणि मधल्या एका कामासाठी ध्रुवीकरण फिरवणारी पट्टिका वळवलेली होती.

वेव्हगाइडसाठी मी या सेवेकडे निःशंकपणे पुन्हा जाईन, फक्त काच दोन्ही बाजूंनी थोडी जास्त लांब देऊन. वाहिन्यांच्या बाबतीत त्यांनी बदली पट्टी विनामोबदला लिहून दिली आणि तीतील वाहिनी पूर्ण उघडली, हे नोंदवायला हवे. मागणीपत्रकात मात्र ऊर्जा, वेग आणि खोली एवढेच रकाने अजूनही आहेत, त्यामुळे प्रत्येक आराखड्यावर वाहिनीला आडवा बाण काढून त्याशेजारी ‘ध्रुवीकरण’ असे मी हाताने लिहितो.