जुना ऑफिसचा मिनी, नवा एन१०० की स्वतः जोडलेला? आवाज न करणारा स्वस्त पीसी

ब्राउजरमधे दहा-पंधरा टॅब, मेल, बँकेची कामं, मुलांचा अभ्यास, एखादी एक्सेल शीट आणि रात्री यूट्यूब. एवढंच काम असेल आणि पीसी झोपायच्या खोलीतच ठेवायचा असेल तर गेमिंगवाल्यांचे सल्ले ऐकून काही फायदा नाही, त्यांच्या कानाला हेडफोन असतात.

आधी माझी फजिती सांगतो. पीसी स्वतः जोडला, फॅन बघून बघून घेतले, तरी रात्री बारीक घूं असा आवाज. दोन दिवस फॅनचे स्क्रू आवळत बसलो. मग सहज कॅबिनेटच्या पत्र्यावर तळहात टेकवला तर आवाज बंद, हात काढला की परत सुरू! आधीच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क फोटो आहेत म्हणून यात टाकली होती ती ७२०० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, तीच थरथर स्क्रूमधून पत्र्यात आणि पत्र्यातून टेबलात, टेबलाचा पार ढोल झालेला. डिस्क सोडवून स्पंजवर ठेवली तर खोली एकदम शांत. म्हणून पुढच्यातलं काहीही घ्या, आत फिरणारी डिस्क नको, फक्त एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी चिपवाली डिस्क. जुनी डिस्क यूएसबी केसमधे घालून ड्रॉवरमधे ठेवा आणि लागेल तेव्हा लावा.

आता पर्याय. पहिला म्हणजे ऑफिसांमधून निघालेले रिफर्बिश्ड (जुने, दुरुस्त करून परत विकलेले) मिनी पीसी. लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी, सगळे साधारण एक लिटर आकाराचे, जाड पुस्तकाएवढे. यातला आठव्या पिढीचा घ्यायचा, उदा. आय५-८५००टी, ६ कोर आणि ३५ वॅटचा. आठवीच का, तर इंटेलमधे विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची अटच साधारण तिथून सुरू होते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या-सातव्या पिढीचे मिनी आणखी स्वस्त मिळतात ते याचमुळे, विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टीम टाकणार असाल तर मात्र तेही मजेत चालतात.

याचा पॉवर अडॅप्टर बाहेर असतो लॅपटॉपसारखा, त्यामुळे एसएमपीएसचा (मोठ्या कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचा) फॅन हा विषयच नाही. आत एकच छोटा फॅन. साध्या कामाला तो ऐकू येत नाही, पण अपडेट चालू झालं किंवा व्हिडिओ कॉल लांबला की बारीक शिट्टीसारखा चढतो, आणि लहान फॅनचा आवाज तीक्ष्ण असतो, तो कानात जातो. आणलेला मिनी मी उघडला तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर धुळीचं अक्षरशः नमद्यासारखं पांघरूण होतं आणि प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, नखाने पापुद्रे निघत होते. साफ केलं, नवी पेस्ट लावली, शिट्टी निम्म्याहून कमी झाली. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि जुना मिनी "फार ओरडतो" म्हणून विकून टाकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी हे केलेलंच नसतं असा माझा अंदाज.

दुसरा पर्याय नवीन एन१०० वाले डबे. हा इंटेलचा २०२३ चा प्रोसेसर, ४ कोर, कागदावर ६ वॅट. ब्राउजिंग आणि टायपिंगला पुरतो, आणि एका बाबतीत वरच्या मिनीला मागे टाकतो: यूट्यूब आता बरेच व्हिडिओ एव्ही१ या नव्या फॉरमॅटमधे देतं, ते एन१०० हार्डवेअरवर उलगडतो, आठव्या पिढीला ते सगळं प्रोसेसरच्या जोरावर करावं लागतं. १०८० पर्यंत फरक कळत नाही, ४के ला कळतो आणि मिनीचा फॅनही चढतो. पण बाकी ताकदीत ८५००टी पुढे आहे, दहा गोष्टी एकदम उघडल्या की लगेच जाणवतं. शिवाय एन१०० ला रॅमचं एकच चॅनल (रॅमकडे जायचा एकच रस्ता) आणि पुष्कळ डब्यांत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, त्यामुळे ८ जीबीचा घेतला आणि नंतर पश्चात्ताप झाला तर काही करता येत नाही. १६ चाच घ्या.

एन१०० चे बिनफॅनचे डबेही मिळतात, अख्खी बॉडीच हीटसिंक. आवाज शून्य, खरंच शून्य. फक्त खोली तापलेली असेल तर बॉडी चांगलीच चटका देते आणि प्रोसेसर स्वतःला हळू करतो. टीव्हीला जोडायला किंवा २४ तास चालू ठेवायला माझी पसंती यालाच.

तिसरा, स्वतः जोडायचा. हा सगळ्यात महाग पडतो, उगाच खोटं कशाला बोलू. पण आवाजावर पूर्ण ताबा इथेच मिळतो, कारण जागा आहे आणि मोठा फॅन बसतो. फॅनचं गणित गमतीशीर आहे: सारखेच दोन फॅन लावले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, पण एकाच फॅनचा वेग निम्मा केला तर ढोबळ मानाने १५ डेसिबल उतरतो. म्हणजे एक जोरात पळणाऱ्यापेक्षा दोन रमतगमत फिरणारे बरे. एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन काड्या (एकच १६ ची नको, आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, दोन चॅनल मिळाली तर ते बरंच पळतं), बॉक्समधला कूलर बाजूला ठेवून १२० एमएमचा साधा टॉवर कूलर, आणि बायोसमधे (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमधे) प्रोसेसर ६५ वरून ४५ वॅटवर आणायचा. रोजच्या कामात फरक कळतही नाही.

इथे एक खड्डा आहे. ५६००जी मधला जी गाळून नुसता ५६०० घेतला, किंवा इंटेलमधे १२१००एफ घेतला, तर ग्राफिक्सच नसतं, मॉनिटर काळा. मग वेगळं ग्राफिक्स कार्ड, त्याचा फॅन, त्याची उष्णता, सगळाच बेत बोंबलला.

रास्पबेरी पाय ५, म्हणजे तळहातावर मावणारा एका बोर्डाचा कॉम्प्युटर, त्याचं पण विचारतात लोक. केस, कूलर, २७ वॅटचा अडॅप्टर, मेमरी कार्ड असं सगळं धरलं की स्वस्त उरत नाही, विंडोजही अधिकृतपणे नाही. शिकायला भारी, घरातला मुख्य पीसी म्हणून मी देणार नाही.

विजेचं म्हणाल तर नुसता चालू असताना मिनी आणि जोडलेला यांच्यात समजा १५ वॅटचा फरक पडला, तर रोज ८ तासांनी वर्षाला ४४ युनिट. त्यावरून काही ठरवू नका. २४ तास चालणार असेल तर १३१ होतात, मग विचार करा.

मला कोणी विचारलं तर बहुतेकांना मी आठव्या पिढीचा जुना मिनीच सांगतो, १६ जीबी आणि नवी एसएसडी टाकून. सात-आठ वर्षं वापरायचा असेल आणि एखादा भाग गेला तर तेवढाच बदलायचा असेल तर मात्र जोडलेलाच घ्या, मिनीचा बोर्ड गेला की संपलं. मिनी घेताना विकणाऱ्यासमोर बायोस उघडून बघा, पासवर्ड मागत असेल तर सरळ परत द्या. अडॅप्टर मूळचाच मागा, काही मशीन अनोळखी अडॅप्टर ओळखतात आणि मुद्दाम रडतखडत चालतात.

आणि तो मॉनिटरच्या मागे अडकवायची पट्टी मिळते ना, दिसायला फार छान दिसतं पण फॅन बरोबर कानाच्या उंचीवर येतो. माझा टेबलाच्या फळीला खालून लावलाय, स्क्रूखाली रबराचे वॉशर घालून.