मुंबई दर्शन: पाहुणे फिरवून झाल्यावर, आणि वरच्या मजल्याचे दहा रुपये

गेटवे ते घारापुरी, म्हणजे एलिफंटा लेण्यांचं बेट, लाँचचं जाऊन-येऊन तिकीट खिडकीवर अडीचशे रुपयांच्या पुढे जातं. ते मी दर वेळी निमूट देते. पण लाँच सुटून पाच मिनिटं होतात न होतात तोच एक पोरगा वर येतो आणि माणशी दहा रुपये मागतो. कशाचे? वरच्या मजल्यावर बसल्याचे. गेल्या रविवारी मी त्याला विचारलं, "खिडकीवर घेतलेल्या तिकिटावर हे कुठे छापलंय?" तो म्हणाला, "मॅडम, वर बसायचे सगळेच देतात." आमचे चुलत दीर तोवर पाकीट काढून बसले होते, कारण गावाकडच्या माणसाला चारचौघांत दहा रुपयांवरून वाद म्हणजे लाज. मला नाही वाटत. माणसं आठ, म्हणजे ऐंशी रुपये. येताना दुसरी लाँच, दुसरा पोरगा, पुन्हा ऐंशी. एकशेसाठ रुपयांत आठ जणांचा वडापाव झाला असता, आणि कोणी हिशेबही मागितला नसता.

आम्ही परळला राहतो. सासर सांगलीकडचं. दिवाळीपासून घरात पाहुण्यांचा राबता आहे आणि "वहिनी, मुंबई दाखवा" हे वाक्य पाणी प्यायच्या आधी येतं. त्यामुळे हा अनुभव एका सहलीचा नाही, त्याच त्या जागा पुन्हा पुन्हा दाखवल्याचा आहे. गेटवे १९२४ साली खुलं झालं, सीएसएमटी २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, हे सगळं शाळेत झालंय. ते सोडून देते.

आधी खासगी मुंबई दर्शन बसचं उरकते. एसी असते, सकाळी लवकर निघते आणि दिवसभर "डावीकडे बघा, उजवीकडे बघा" चालतं. मान वळवेपर्यंत इमारत मागे गेलेली असते. चौपाटीवर वीस मिनिटं मिळतात आणि जेवायला मात्र बसवाल्याच्या ओळखीच्या हॉटेलात एक तास. गुडघे दुखणाऱ्या माणसांना ठीक आहे. बाकीच्यांनी नादी लागू नये.

घारापुरी मात्र मी अजूनही पाहुण्यांना पहिल्या दिवशी दाखवते. तासाभराचा समुद्र हाच निम्मा कार्यक्रम आहे. देशावरून आलेल्या माणसाला लाटा किनाऱ्यावर उभं राहून बघणं वेगळं आणि पायाखाली हलताना बघणं वेगळं. बाजूला नौदलाच्या बोटी, बुचर बेटावरच्या तेलाच्या टाक्या, समोर जेएनपीटी बंदराच्या अवाढव्य क्रेन, हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला अटल सेतूची रेघ. थंडीत सीगल लाँचच्या मागे लागतात आणि पोरं वेडी होतात. (त्यांना कुरकुरे खायला घालू नका. कोणी ऐकत नाही, तरी सांगते.)

बेटावर उतरल्यावर पाकीट पुन्हा उघडावं लागतं. जेट्टीवरच्या छोट्या रेल्वेचं तिकीट वेगळं, ग्रामपंचायतीचा कर वेगळा आणि लेण्यांचं तिकीट चाळीस रुपये. लेण्यांचं ऑनलाइन काढलं तर पस्तीस, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुकट. हे पाच रुपये मी वाचवतेच. पण ते घरी बसून काढा, वर गेल्यावर नेटवर्कची खात्री नाही. रेल्वे नाही घेतली तरी चालतं, दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे. पुढे शंभर-सव्वाशे पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा-टोप्यांची दुकानं आणि माकडं. हातात थंड पेयाची बाटली दिसली की गेलीच. आत्यासासूबाईंना डोली करून दिली. भाव आधी ठरवून घ्या, तोही दोन्ही वेळचा.

लेण्यात शिरल्यावर पाहुण्यांचे दोन गट पडतात. एक गट वीस मिनिटांत "झालं का?" विचारतो. दुसरा त्या सदाशिवासमोर, म्हणजे शंकराच्या तीन मुखांच्या मूर्तीसमोर, गप्प उभा राहतो. सुमारे वीस फूट उंचीची ती तीन मुखं अंधारात हळूहळू उलगडतात. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना जरा वेळ द्यावा लागतो, आणि नेमका तोच कोणी देत नाही. माझा क्रम आता ठरलाय. आधी बाजूचे पट दाखवायचे, रावण कैलास हलवतोय तो, शिवपार्वतीच्या लग्नाचा, अर्धनारीश्वर, आणि मग मधे आणून उभं करायचं. गोष्ट माहीत असलेली माणसं दगडात गोष्ट शोधत बसतात आणि "झालं का" बंद होतं. सरकारमान्य गाईडही मिळतो, पण मला एकदा मिळालेला सगळं पाठ केल्यासारखं म्हणत होता. त्याच्यापेक्षा आत्यासासूबाईंनी सांगितलेलं अंधकासुराचं आख्यान रंगलं, शेजारचे गुजराती पर्यटकही थांबून ऐकत होते.

आता पुन्हा दहा रुपये. कोणी म्हणेल, बाई, अडीचशे देता आणि दहावर अडून बसता? पण रक्कम हा मुद्दाच नाही. पूर्वी नीलांबरी होती, उघड्या छताची डबलडेकर, १९९७ पासून गेटवे-मरीन ड्राइव्ह-हुतात्मा चौक फिरवायची. तिचं वर बसायचं तिकीट शेवटी शेवटी दीडशे होतं आणि खालचं पंचाहत्तर. म्हणजे वर जायला सरळ दुप्पट! तरी कधी मनात आलं नाही की फसवलं, कारण भाव आधीच माहीत असायचा. वर की खाली ते आपण ठरवायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती बंद झाली. लाँचवाल्यांनीही खिडकीवर तसंच लिहावं, वरचे इतके, खालचे इतके. समुद्राच्या मध्यावर, जिथून उतरून जाता येत नाही तिथे, पैसे मागायची पद्धत मला पटत नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. त्यानंतर नणंदेच्या मुलांना घेऊन गेले आणि हट्टानं सगळ्यांना खालीच बसवलं. भर दुपार, ओहोटी, इंजिनची धडधड थेट बाकातून पाठीत, डिझेलचा वास, आणि खिडकीतून येणारं खारं पाणी नेमकं धाकटीच्या फ्रॉकवर. अर्ध्या वाटेत तिला ओकारी आली. येताना मुलं विचारायच्या आत वर पळाली आणि मी पैसे काढून दिले. तेव्हा मत बदललंय, वरचा मजला दहा रुपयांना महाग नाही. निदान परतीला तरी वरच बसा, संध्याकाळच्या उन्हात गेटवे आणि ताज समोरून मोठे होत येतात ते खालून नीट दिसत नाही. पावती द्या, एवढंच म्हणणं उरलंय. त्या दिवशी मागितली तर पोरगा हसला.

लाइफ जॅकेटवर खरं तर मी यापेक्षा जास्त लिहायला हवं. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट घारापुरीच्या लाँचवर आदळली आणि माणसं गेली, त्यानंतर जॅकेट सक्तीचं झालं. चढताना घालायला लावतात. बंदर मागे पडलं की निम्मी माणसं काढून त्यावर बसतात. माझ्या एका जॅकेटचा पट्टा तुटका होता, मागितल्यावर बदलून मिळाला. मागा. लाजू नका.

या सगळ्या महिन्यांत एकाच गोष्टीनं अनपेक्षित खूश केलं, ती म्हणजे बेस्टची नवी इलेक्ट्रिक डबलडेकर. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जाणारी मिळाली. एसी, स्वच्छ, आणि वरच्या मजल्यावरची पहिली सीट रिकामी. मे २०२५ च्या भाडेवाढीनंतर एसीचं कमीत कमी तिकीट सहाचं बारा झालं, त्यावर मी तेव्हा बरीच कुरकुर केली होती. पण वर बसा की खाली, बाराच! कंडक्टरला मी मुद्दाम विचारलं, "वरचे वेगळे नाहीत ना?" त्याला प्रश्नच कळला नाही. नीलांबरीचा वारा नाही, काचा बंद असतात, हे खरं. सांगलीच्या पाहुण्यांना मात्र काचेतून, झाडांच्या फांद्यांच्या उंचीवरून मुंबई बघताना काही कमी वाटलं नाही. तीच बस परत घेऊन आलो, पुन्हा बारा.

मलबार हिलचा नवा लाकडी उन्नत मार्गही स्वस्तात मस्त आहे. पंचवीस रुपये, पण ऑनलाइन वेळ धरून जावं लागतं, सुट्टीच्या दिवशी ऐनवेळी मिळत नाही. झाडांमधून चालत गेलं की शेवटी चौपाटी दिसते. लांबी जेमतेम अर्धा किलोमीटर, त्यामुळे आजीपासून नातवापर्यंत सगळे चालतात. उतरून बाणगंगेच्या तळ्यावर जा, तिथे तिकीट नाही.

आणि घारापुरीला नेलेल्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी भायखळ्याच्या राणीबागेत, म्हणजे प्राणिसंग्रहालयात, न्याच. पेंग्विनसाठी नाही. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर जो दगडी हत्ती उभा आहे तो मूळचा घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांना तो विलायतेला न्यायचा होता, उचलताना तुकडे झाले, मग १८६४ साली ते राणीबागेत आणले आणि पुढे जोडले. आदल्या दिवशी बेटावर "हत्ती कुठंय?" विचारून पोरांनी डोकं खाल्लेलं असतं, इथे त्यांना तो सापडतो. जोडाच्या रेघा नीट बघितल्या तर दिसतात, आमच्या धाकटीनं बोट लावून मोजायला घेतल्या आणि रखवालदार ओरडला.

गुण द्यायचेच तर घारापुरीला पाचातले चार, डबलडेकरला पाच, मुंबई दर्शन बसला दीड. खिडकीवर वरच्या मजल्याच्या दराची पाटी लावा असं मी लेखी दिलंय, कागद घेतलाय, पाटी अजून दिसलेली नाही. मे महिन्यात ह्यांच्या मावशीकडचे सहा जण येतायत. त्यांना आत्ताच कळवलंय की सोमवारी घारापुरी बंद, बुधवारी राणीबाग बंद, तेव्हा गाडीचं रिझर्वेशन गुरुवारी पोहोचेल असं करा, आणि सुटे दहा-दहा रुपये बरोबर आणा.