सुरीच्या मुठीचे लाकूड पक्के करण्याचा रेझिन-संच: वापरानंतरचा अभिप्राय

निर्वात भांडे, पंप, उष्णतेने घट्ट होणारे रेझिन आणि रंग असा एकत्र संच मी ऑनलाइन मागवला. लाकडाचे ठोकळे रेझिनमध्ये (द्रवरूप राळेत) बुडवून पंपाने त्यांतील हवा काढायची, त्या जागी रेझिन शिरू द्यायचे आणि मग ओव्हनमध्ये तापवून ते घट्ट करायचे, अशी ही पद्धत. चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या खेड्यापर्यंत तो सुखरूप पोचला आणि पावसाळा व उन्हाळा अशा दोन्ही ऋतूंत वापरून पाहिल्यावरच हे लिहीत आहे. पंपाची ताकद चांगली आहे, भांडे ठीक आहे, माहितीपत्रक मात्र दिशाभूल करते. विक्रेत्याच्या पानावरील बहुतेक तक्रारींचे मूळ मला त्या पत्रकातच दिसते.

पत्रक सांगते की लाकूड उन्हात वाळवलेले असले म्हणजे पुरे. प्रत्यक्षात वर्षभर सावलीत वाळलेल्या लाकडातही दहा-बारा टक्के ओलावा असतो. ठोकळे ओव्हनमध्ये 105 अंश सेल्सिअसला साधारण 24 तास ठेवून, वजन घटायचे थांबल्यावर, हवाबंद पिशवीत निववावे लागतात. उघडे ठेवल्यास ते पुन्हा ओलावा धरतात आणि गरम असताना बुडवल्यास रेझिन भांड्यातच घट्ट होऊ लागते.

‘बुडबुडे थांबतच नाहीत, भांडे गळते’ ही तक्रार अनेकांनी केली आहे. खोलीत 40 अंश तापमान असेल, तर भांड्यातील हवा किती निघाली हे पाऱ्याच्या इंचांत दाखवणारा मापकाचा काटा 27 इंचांच्या आसपास पोचताच लाकडातील पाणी उकळू लागते आणि त्याचे बुडबुडे हवेच्या बुडबुड्यांसारखेच दिसतात. रिकामे भांडे निर्वात करून व्हॉल्व्ह बंद करावा. काटा तासाभरात हलला नाही तर दोष भांड्याचा नाही, लाकडाचा आहे. आमच्या उंचीवर काटा 30 इंचांवर जाणारही नाही, त्यामुळे त्यावरून पंपाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. बुडबुडे थांबल्यावर हवा आत सोडून ठोकळे रेझिनखाली बुडालेलेच ठेवावेत, कारण रेझिन खरे आत शिरते ते तेव्हा. पत्रकात याविषयी अवाक्षर नाही.

कापल्यावर गाभा चिकट निघाला, तर ठोकळ्याच्या मध्यापर्यंत 90-95 अंशांची उष्णता पोचलेली नसते. घरगुती ओव्हनच्या बटणावरील आकड्यावर विसंबू नये. वेगळा तापमापक ठेवावा, ठोकळे ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळावेत आणि तो ओव्हन पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

लाकडाची निवडही महत्त्वाची आहे. बुरशीच्या काळ्या रेघा पडलेले, नखाने दबणारे आंब्याचे लाकूड रेझिन भरभरून पिते, वजन जवळजवळ दुप्पट होते आणि पॉलिश केल्यावर त्या रेघा काचेखाली असल्यासारख्या उठून दिसतात. तेलकट साग आणि घट्ट शिसम मात्र फारसे काही घेत नाहीत, आणि त्यांना याची गरजही नाही. (कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी हा खटाटोप कोणी करू नये, तिथे आपला धावडाच बरा.)

माझी खरी नाराजी एकाच गोष्टीवर आहे. संचात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) नाही, त्यामुळे मध्येच वीज गेली की पंपातील तेल नळीतून भांड्याकडे ओढले जाते आणि महागडे रेझिन वाया जाते. भारनियमनाच्या भागात विकायच्या वस्तूत ही त्रुटी अक्षम्य आहे. फ्रीज-एसी दुरुस्त करणाऱ्याकडून असा व्हॉल्व्ह बसवून घेतल्याशिवाय संच सुरू करू नये. तो खर्च किमतीत धरूनच खरेदीचा विचार करावा.