युरोपात रेल्वेने फिरताना युरेल पास (अनेक देशांतल्या गाड्यांना चालणारा एकच पास) की सुटी तिकिटं?

पॅरिस, मिलान, रोम असा बेत असेल आणि तारखा पक्क्या असतील, तर सुटी तिकिटंच काढा. वेगवान गाड्यांची तिकिटं दोन-तीन महिने आधी काढली की बरीच स्वस्त पडतात. पास असला तरी तिथे सीटच्या आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतातच. स्वस्त तिकीट मात्र बहुधा परत होत नाही.

मुलं 4 ते 11 वर्षांची असतील तर हिशेब बदलतो: एका मोठ्या माणसामागे दोन मुलांचा पास फुकट. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. इंटरलाकेनला पाऊस लागला, धाकटीचे डोळे मिटायला लागले, बॅगा आवरायच्या राहिल्या, तर सरळ पुढची गाडी धरायची. लहानग्यांसोबत हा मोकळेपणा मला लाखमोलाचा वाटतो.