टॉवर उभा राहिलाच नाही, माझे १२ लाख मात्र गेले

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत २९ वर्षं फिटरची नोकरी केली. निवृत्तीच्या पैशांतले १२ लाख मी ४० मजली टॉवरमधल्या एका ऑफिससाठी भरले. पाथर्डी फाट्याच्या पुढे तो उभा राहणार होता. आज तिथे पत्र्याचं कुंपण आहे आणि आत बाभळी वाढल्यात.

एजंट आमच्या निफाडकडचाच. "काका, मुंबई-पुण्यात जागा उरली नाही, कंपन्या आता नाशिकलाच येणार. सिंहस्थाआधी पाया भरला की भाव दुप्पट," असं तो म्हणायचा. साइट ऑफिसात टॉवरचं मॉडेल होतं, मजल्या-मजल्यावर दिवे लागायचे. घरी ही म्हणाली, "आधी कागद नीट बघा." मी ऐकलं नाही.

कागद म्हणजे ५०० रुपयांच्या स्टॅम्पवरचा नोटरी करार. किंमत ४२ लाख. ९ लाख चेकने, ३ लाख रोख. ताबा मिळेपर्यंत दरमहा ९,००० रुपये भाडं देऊ, असं त्यात लिहिलं होतं. सात महिने ते वेळेवर आलं. त्या भरवशावर मीच भाच्याला आणि कंपनीतल्या दोन जुन्या सोबत्यांना तिथे घेऊन गेलो. पैशापेक्षा हे मनाला जास्त लागतं. आठव्या महिन्यापासून भाडं बंद, मग फोन बंद.

नुसत्या "टॉवर येतोय" या बोलण्यावर सगळा परिसर चढला होता. गुंठ्याचे भाव वाढले, लोकांनी कर्ज काढून प्लॉट घेतले. एका ताईंनी पोळी-भाजी केंद्रासाठी दीड लाख डिपॉझिट भरून गाळा घेतला, पण साइटवर मजूरच आले नाहीत. भाच्याला त्या पैशांत सातपूरला लेथ मशीन घ्यायचं होतं. ज्या पैशांतून इथे चार हातांना काम मिळालं असतं, ते रिकाम्या प्लॉटवर अडकले.

कायदा मला फार उशिरा कळला. एवढा मोठा प्रकल्प महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदवल्याशिवाय त्याची जाहिरात किंवा बुकिंग करताच येत नाही, म्हणजे आम्हाला दिलेला "प्री-लाँच", विक्री रीतसर सुरू होण्याआधीचा, भावच बेकायदा होता. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. माझ्याकडून २८ टक्क्यांहून जास्त घेतली. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड लागतो. आमच्या ब्रोशरवर साधा नोंदणी क्रमांकही नव्हता. महापालिकेची बांधकाम परवानगी, अग्निशमनची एनओसी, नाशिकमधल्याच गांधीनगरचा विमानतळ जवळ असल्याने उंचीची परवानगी, यातलं काहीही मी मागितलं नाही. मॉडेल बघून आलो आणि सही केली.

आता महारेरात तक्रार केली आहे, पोलिसांतही अर्ज दिलाय. ९ लाखांची नोंद बँकेच्या पासबुकात आहे. रोख दिलेल्या ३ लाखांची पावती नाही, त्यामुळे वकिलांनी त्यांची आशा सोडायला सांगितलं. कोणी रोख मागितली, तर तिथूनच उठून या.

मागच्या आठवड्यात त्र्यंबक रोडला एका नव्या ऑफिसात तसंच दिव्यांचं मॉडेल आणि तोच एजंट दिसला. समोर एक आजोबा चेकबुक घेऊन बसले होते. मी आत गेलो आणि त्यांना माझा स्टॅम्पपेपर दाखवला.